कणकेचा नकाशा

त्या पत्राला श्रीरंगरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र मागच्या दिवाळीच्या सुमारास आलं होतं. घरगाडीत राहणाऱ्या माणसांना कायमचा पत्ता नसतो. टेक्ससमधल्या एका टपाल सांभाळणाऱ्या माणसाकडे त्यांची पत्रं जमायची आणि दोघं जिथं मुक्कामाला असतील तिथं गठ्ठा बांधून पुढं यायची. त्या वेळी मुक्काम ॲरिझोनात होता. गठ्ठ्यात विम्याची कागदपत्रं होती, दातांच्या डॉक्टरांचं स्मरणपत्र होतं आणि या दोहोंच्या मधे एक जाड पिवळसर पाकीट होतं. त्यावरचं अक्षर श्रीरंगरावांनी लगेच ओळखलं.

"प्रिय श्रीरंग," शैलेंद्रनं लिहिलं होतं, "शेवटी मीही तुझ्याच वाटेनं निघालो. दवाखाना विकला आणि बोट घेतली, अडतीस फुटी. तुझ्याच धक्क्यावर जागा मिळाली आहे. पुढच्या नारळी पौर्णिमेला मंडळाचा कार्यक्रम माझ्या बोटीवर करायचं ठरतंय. उपसागराचा तू हातानं काढलेला तो नकाशा आहे ना, तो पाठव. शोभना मंडळाच्या अंकात छापणार आहे. खाली तुझं नाव देऊ. पत्ता सावनीकडून घेतला. पद्मिनीवहिनींना नमस्कार. ती गंमत त्यांनी अजून मनाला लावून घेतली नसेल अशी आशा आहे."

श्रीरंगरावांनी पत्र दोरांच्या गाठींवरच्या एका जाडजूड पुस्तकात घालून ठेवलं. बोटीवरची बहुतेक पुस्तकं त्यांनी वाटून टाकली होती, हे एक उरलं होतं. पत्र त्यात गेलं आणि तिथंच राहिलं. ते मात्र रोज एकदा पुस्तक उघडायचे आणि 'गंमत' हा शब्द बघून मिटायचे.

आता ही गंमत काय होती ते सांगायला हवं.

श्रीरंगराव ह्यूस्टनच्या एका पाइपलाइन कंपनीत इंजिनियर होते. शुगर लँडला घर होतं, मागं लिंबाचं झाड होतं, मुलगी सावनी शिकून बेलव्ह्यूला नोकरीला लागली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर विकलं आणि राहायला शिडाची एक जुनी बोट घेतली. पद्मिनीबाईंच्या आईचं नाव तिला दिलं, 'सुमित्रा'. लोक म्हणाले, श्रीरंगला वेड लागलं. पण हे वेड त्यांचं एकट्याचं नव्हतं. त्यांनी बोटींवरची पुस्तकं वाचली होती, एवढंच. बोट कळायची ती पद्मिनीबाईंना. त्यांचे वडील कोकणातल्या एका खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे आणि पाचवीतली पद्मिनी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला बसून पाण्याची खोली मोजायची.

तीच पद्धत त्यांनी ह्यूस्टनच्या उपसागरातही चालू ठेवली. बोटीला खोली मोजायचं यंत्र होतं, पण त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. लांब दोरीला शिशाचा लंबगोल गोळा बांधलेला. दोरीवर वावावावाला गाठ. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी. गोळ्याच्या बुडाला खळगा होता, त्यात त्या मीठ घालून घट्ट भिजवलेली कणीक दाबून भरायच्या. गोळा तळाला टेकवून वर ओढला की कणकेला तळ चिकटून यायचा. चिखल आला तर काळजी नाही, वाळू आली तर जपून, आणि कालवांच्या शिंपल्यांचा चुरा आला तर ताबडतोब वळायचं. तिथं कालवांचे थरावर थर चढून पाण्याखाली उंचवटे झाले होते आणि ते बोटीचा तळ सोलून काढत.

"यंत्र म्हणतं खाली किती आहे," त्या म्हणायच्या. "खाली काय आहे ते कणीक सांगते."

त्या मोजायच्या, ओरडून सांगायच्या, आणि श्रीरंगराव पेन्सिलीनं टिपून घ्यायचे. अशी साडेतीन-चार वर्षं गेली आणि त्यातून तो नकाशा झाला. धक्क्यावरचे अमेरिकन म्हातारेसुद्धा बिअर घेऊन येत आणि तो बघून जात.

दोन हजार चारच्या नारळी पौर्णिमेला ह्यूस्टनच्या मराठी मंडळातली डझनभर माणसं 'सुमित्रा'वर आली. संध्याकाळची वेळ. बायका जरीच्या साड्या सावरत बसल्या होत्या, शोभना नारळाचं ताट मांडत होती, मुलं एकमेकांवर पाणी उडवत होती. डॉक्टर शैलेंद्र व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला होता. ह्यूस्टनमधल्या निम्म्या मराठी पोरांना त्यानं ताप-खोकल्याची औषधं दिलेली. त्यामुळे कुठल्याही कार्यक्रमात तो यजमानच असायचा, घर कुणाचंही असो.

"श्रीरंग, चाक दे यार माझ्याकडे," सगळ्यांसमोर तो म्हणाला. "तू पुस्तक वाच."

लोक हसले. श्रीरंगरावांना सगळ्यांसमोर नाही म्हणता येत नसे. त्यांनी चाक दिलं आणि ते डोलकाठीपाशी जाऊन उभे राहिले.

बोट जहाजांसाठी खोदलेल्या मार्गाच्या कडेनं चालली होती. पूर्वेला चंद्र उगवला. पण कॅमेऱ्यातून बघितलं की चंद्राखाली तेलवाहू जहाज येई आणि त्याच्यामागं कारखान्याची धुराडी.

"नारळ काय धुराड्यांना वाहायचा?" शैलेंद्र म्हणाला आणि त्यानं बोट मार्गाबाहेर काढली.

पद्मिनीबाई नाळेवर होत्या. त्यांनी गोळा टाकला, वर ओढला, कणकेवर अंगठा फिरवला.

"सव्वा वाव. कालवं लागली. डावीकडे वळवा."

"वहिनी, दोनच मिनिटं. चंद्र बरोबर मधे येतोय."

पुन्हा गोळा पडला.

"एक वाव. शैलेंद्र, वळवा."

शैलेंद्रनं वळवलं नाही. शोभनानं नारळ पाण्यात सोडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात खालून कुणीतरी दात खावेत तसा आवाज झाला. बोट तिरकी झाली. साड्या भिजल्या, पोरं रडायला लागली, सुकाणू मोडलं. कोळंबी पकडणाऱ्या एका बोटीनं येऊन माणसांना उतरवून घेतलं. त्या बोटीवर, ओल्या सतरंज्यांच्या ढिगावर बसून शैलेंद्र सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "वहिनी पाणी आहे, पाणी आहे म्हणत होत्या. मी काय करणार?"

मागं बसलेल्यांनी नाळेवरचं काही ऐकलेलं नव्हतं. ऐकलं होतं ते एकट्या श्रीरंगरावांनी. त्यांना वाटलं, आता नको, माणसं घाबरलेली आहेत, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपोआप कळेल.

ते आपोआप कळलं नाही. गणपतीच्या कार्यक्रमात शैलेंद्रनं नकलांचा एक प्रवेश केला. डोक्यावर ओढणी, हातात दोरी, दोरीच्या टोकाला लाटणं. ते लाटणं रंगमंचाच्या कडेवरून खाली सोडायचं, वर ओढायचं आणि बायकी आवाजात म्हणायचं, "अहो, समुद्र सैल भिजलाय. अजून थोडं पीठ घाला." शाळेचं ते भाड्यानं घेतलेलं सभागृह दणाणून गेलं. मंडळातली इथं जन्मलेली मुलं त्या दिवसापासून पद्मिनीबाईंना 'डो-आंटी', म्हणजे कणीकवाल्या काकू, म्हणायला लागली. तोंडावरसुद्धा, आणि अगदी प्रेमानं.

पद्मिनीबाईंनी सुकाणू नवं बसवून घेतलं. दोरी गुंडाळून ठेवली. पुढच्या वसंतात एके सकाळी चहा गाळताना त्या म्हणाल्या, "बोट विकू या. मला आता जमिनीवर राहायचंय. पण या लोकांच्या जमिनीवर नको."

अशी घरगाडी आली. लोकांना वाटलं, वयामुळे झेपेना. श्रीरंगरावांनीही सगळ्यांना तसंच सांगितलं. बोटीवर स्वयंपाकघर दोन हात रुंद होतं, गाडीतही तेवढंच होतं. पंप तसाच, दिवे तसेच, घाण पाण्याची टाकी उपसायचं काम तसंच. फक्त रात्री खाली काही हलायचं नाही. गाडी पद्मिनीबाई चालवायच्या आणि श्रीरंगराव शेजारी बसून नकाशा वाचायचे. बेलव्ह्यूला सावनीच्या दारात गाडी उभी केली तर तिसऱ्याच दिवशी कॉलनीची चिठ्ठी आली, की असलं वाहन इथं चालणार नाही. "आई, इट्स अ रूल," सावनी ओशाळून म्हणाली. पद्मिनीबाई हसल्या. "असू दे गं. इथं निदान चिठ्ठी पाठवतात."

तर दोन हजार आठच्या उन्हाळ्यात ही गाडी नेब्रास्कात, ओगलाला गावाजवळच्या एका तळ्याकाठी उभी होती. त्या वर्षी पेट्रोल असं भडकलं होतं की बहुतेक घरगाड्या जिथं होत्या तिथंच महिना-महिना बसून होत्या. पद्मिनीबाई कपडे धुवायच्या खोलीकडे गेल्या की श्रीरंगराव घडीचं टेबल मांडायचे, जुना नकाशा पसरायचे, त्यावर पारदर्शक कागद ठेवायचे आणि पेन्सिलीला टोक करायचे.

ते शैलेंद्रसाठी नकाशा काढत होते.

किनारा त्यांनी जसाच्या तसा उतरवला. धक्का, दिवे, जहाजांचा मार्ग, सगळं बिनचूक. फक्त कालवांचा तो एक उंचवटा त्यांनी बोटभर पूर्वेला सरकवला आणि त्याच्या खऱ्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'दोन वाव, चिखल'. चंद्र कॅमेऱ्यात नीट यावा म्हणून शैलेंद्र तिथंच जाणार, यात त्यांना शंका नव्हती. त्यांनी इंजिनियरच्या सवयीनं सगळा विचार केला होता. पाणी छातीच्या वर नसेल, तळ टणक आहे, जवळून कोळंबीवाल्यांची ये-जा असते. कुणाच्या जिवाला धोका नाही. फक्त ती अडतीस फुटी नवीकोरी बोट सगळ्या मंडळासमोर कुशीवर कलंडेल, शैलेंद्रच्या बायकोची, सुलेखाची, पैठणी गुडघ्यापर्यंत भिजेल, आणि कॅमेरा चालूच असेल. हा शेवटचा भाग ते पुन्हा पुन्हा मनात आणायचे. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत कशानं झालं नव्हतं.

एक दिवस पद्मिनीबाई कपड्यांची टोपली घेऊन लवकर परतल्या. श्रीरंगरावांना कागद झाकायलाही वेळ मिळाला नाही.

"हे कुणासाठी?"

"असंच."

पद्मिनीबाई वाकल्या. चष्माही घातलेला नव्हता. एका नजरेत त्यांनी सरकवलेल्या उंचवट्यावर बोट ठेवलं.

"असंच काढलेल्या नकाशात कालवं चालायला लागतात वाटतं."

श्रीरंगरावांनी उठून गाठींच्या पुस्तकातून पत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. पद्मिनीबाईंनी ते उभ्यानंच वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं. मग नीट घडी घातली.

"दिवाळीतलं आहे."

"काय लिहावं सुचत नव्हतं."

"आणि आता हे सुचलं."

"तिथंच रुतावा असं वाटलं. सगळ्यांसमोर. तुझ्यासाठी म्हणून..."

त्यांना वाटलं, आता ती म्हणेल, काय हे, या वयात. पण पद्मिनीबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि हिशोबी आवाजात म्हणाल्या, "रुतेल. मग काय सांगेल तो लोकांना?"

श्रीरंगरावांनी पेन्सिल खाली ठेवली.

"सांगेल, नकाशा पद्मिनीवहिनींच्या कणकेचा होता. आणि अहो, या वेळी ते खरं असेल."

बाहेर कोळशाची आगगाडी चालली होती. ती संपता संपेना. श्रीरंगरावांनी त्या बोटभर सरकलेल्या उंचवट्याकडे बघितलं. एवढ्या दिवसांत ही एक गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती.

"मग राहू दे," ते म्हणाले. "काहीच पाठवत नाही."

"का? पाठवायचा. खरा पाठवायचा." पद्मिनीबाईंनी टोपलीतला टॉवेल घडी करायला घेतला. "तुम्ही हसला होतात."

"कधी?" श्रीरंगरावांनी विचारलं, पण कधी ते त्यांना ठाऊक होतं.

"त्यानं लाटणं खाली सोडलं तेव्हा."

"सगळेच हसत होते गं."

"हो. म्हणून तर मी तुमच्याकडे बघितलं."

टॉवेलची घडी झाली. पद्मिनीबाई उठून पलंगाखालच्या कप्प्याकडे गेल्या आणि कुंकवाची एक जुनी स्टीलची डबी घेऊन आल्या. बोटीवरून गाडीत येताना त्यांनी भांडी टाकली होती, साड्या वाटल्या होत्या, आईची तसबीर सावनीकडे दिली होती. ही डबी बरोबर आली होती, आणि तीत कुंकू असेल असं श्रीरंगराव समजत होते. पद्मिनीबाईंनी झाकण उघडलं. आत वाळून दगड झालेला कणकेचा गोळा होता. त्यात शिंपल्यांच्या पांढऱ्या-करड्या कपच्या रुतलेल्या होत्या आणि वर अंगठ्याचा ठसा स्पष्ट होता.

"त्या संध्याकाळची. शेवटची."

"अजून ठेवलीस?"

"मुक्काम हलला की एकदा उघडून बघते," पद्मिनीबाई म्हणाल्या. "राग जागेवर आहे ना, ते."

श्रीरंगरावांनी डबी हातात घेतली. चार वर्षं ते एकटेच मनातल्या मनात जळत होते अशी त्यांची समजूत होती, आणि हातभर अंतरावर ही डबी होती.

नवा नकाशा दोघांनी मिळून काढला. एकही आकडा बदलला नाही. आगळीक केली ती नावांत. श्रीरंगरावांनी वाचलेलं होतं, की पाण्यातल्या खडकांना आणि वाळूच्या पट्ट्यांना पुष्कळदा तिथं आपटलेल्या जहाजाचंच नाव पडतं.

"म्हणजे 'सुमित्रा'?" पद्मिनीबाईंनी विचारलं. "माझ्या आईचं नाव कशाला त्या कालवांना? चाकावर होता त्याचं द्या."

तसं दिलं. उंचवट्यावर ठळक अक्षरात आलं, 'शैलेंद्रची कालवं'. बाजूला टीप लिहायची होती. श्रीरंगरावांनी पेन्सिल उचलली, तेव्हा पद्मिनीबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि शाईचं पेन ठेवलं. श्रीरंगराव आयुष्यभर पेन्सिलीनं लिहीत आले होते. खोडता आलं पाहिजे, असा त्यांचा स्वभाव. पेन हातात धरून ते बराच वेळ बसले.

"मी सांगू का काय लिहायचं?"

"नको," ते म्हणाले आणि लिहू लागले. "नारळी पौर्णिमा, २००४. चाकावर डॉ. शैलेंद्र. नाळेवर पद्मिनी. 'वळवा' असं तिनं दोनदा सांगितलं. मी डोलकाठीपाशी होतो. दोन्ही वेळा स्पष्ट ऐकलं, आणि इतकी वर्षं बोललो नाही. श्रीरंग."

पद्मिनीबाईंनी वाचलं.

"शेवटचं जरा जास्त झालं का?" श्रीरंगरावांनी विचारलं.

"झालं. राहू दे."

पत्ता घ्यायला त्यांनी सावनीला फोन केला.

"शोभनामावशीचा ॲड्रेस कशाला, बाबा? शैलेंद्रकाकांना पाठवायचं होतं ना?"

"त्यांनाही पाठवतोय. आधी शोभनाला."

"ओके. बाबा, सगळं ठीक आहे ना? यू साउंड... हॅपी."

"ऊन छान पडलंय," श्रीरंगराव म्हणाले.

नवा नकाशा मोठ्या पाकिटात घालून शोभनाच्या नावानं बंद केला. मंडळाचा अंक पौर्णिमेच्या आधी निघायचा होता आणि तिला जागा भरायला नेहमीच मजकूर कमी पडत असे. शैलेंद्रच्या खोक्यात नकाशाची प्रत गेली, ती डबी गेली आणि एक पत्र गेलं. ते पत्र श्रीरंगरावांनी एकाच बैठकीत लिहिलं, शाईनं.

"प्रिय शैलेंद्र, उत्तराला उशीर झाला. नकाशा शोभनाला परस्पर पाठवला आहे, म्हणजे तुला हेलपाटा नको. आकडे तपासून घेतले आहेत, एकही चुकीचा नाही. बिनधास्त बोट हाक. तू म्हणालास तसं खाली माझं नाव दिलं आहे. तुझंही दिलं आहे, जिथं शोभतं तिथं. पौर्णिमेला पाहुण्यांना ती जागा जरूर दाखव. सोबत थोडी कणीक आहे. गंमत म्हणून. पद्मिनीचा नमस्कार नाही. श्रीरंग."

ओगलालाच्या पोस्टात गर्दी नव्हती. एरवी श्रीरंगराव खिडकीपाशी जायला बिचकायचे. कारकून काही विचारेल आणि आपलं इंग्रजी अडखळेल, ही भीती चाळीस वर्षांतही गेली नव्हती. पद्मिनीबाई बाहेर गाडीत, चाकावर बसून होत्या. त्यांनी आत यायला नकार दिला होता. "हे तुमचं काम," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

कारकून मुलीनं आधी पाकीट घेतलं, शिक्का मारला, मागच्या टोपलीत टाकलं. मग खोकं उचलून वजन केलं आणि सगळ्यांना विचारतात ते विचारलं, "नाजूक, पातळ किंवा नासणारं काही आहे का यात?"

"नाही," श्रीरंगराव म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "नासायचं असतं तर केव्हाच नासलं असतं."

मुलीला त्यातलं काही कळलं नाही. ती हसली आणि तिनं खोकं मागं टाकलं. ते पडलं तेव्हा आत स्टीलच्या डबीत काहीतरी कडक खडखडलं. श्रीरंगरावांनी तो आवाज ओळखला, आणि पावती घेऊन ते बाहेर आले.